दसऱ्याचे सात चक्के

आधी माफी मागतो. मी लिहिणारा माणूस नाही. आजवर जे काही लिहिलं ते परीक्षेच्या वह्यांत, आणि तेही हिंदीत किंवा मोडक्या इंग्रजीत. मराठी माझ्या घरची भाषा आहे, पण शाळा हिंदी होती, गल्ली हिंदी होती, म्हणून माझ्या वाक्यांत कुठे हिंदीची चाल दिसली तर सांभाळून घ्यावं. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही. त्यामुळे आपल्याला काही कळतं असं चार लोकांसमोर म्हणायला मला अजून संकोच वाटतो. आणि या गोष्टीत तर जे मला कळायला हवं होतं ते वेळेवर कळलंच नाही. तरी लिहितोय, कारण प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये हे बसलं नाही. सर म्हणाले, आकडे आणि फोटो ठेव, बाकीचं काढून टाक. हे ते बाकीचं आहे.

आम्ही ग्वाल्हेरला माधवगंजात राहतो. मंदिरामागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर दोन खोल्या. आमचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर इकडे आले एवढं घरात सगळ्यांना पाठ आहे. कुठल्या गावाहून आले ते कुणालाच नक्की सांगता येत नाही. फौज केव्हाच संपली. आजोबा गिरणीत होते आणि बाबा मोरारच्या पुढे एका लहानशा फाउंड्रीत बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओततात. भट्टीत भंगार वितळतं, ते लॅडलमध्ये घेतात, म्हणजे आतून माती लिंपलेल्या, साखळीला टांगलेल्या मोठ्या बादलीत, आणि मग वाळूच्या साच्यांत ओततात. लॅडल बाबांच्या हातात असते. तिथले सगळे त्यांना उस्ताद म्हणतात.

बीड नुसतं वितळवून ओतलं की काम झालं असं नसतं. त्यात कार्बन असतो, आणि थंड होताना तो कार्बन कुठल्या रूपात बसतो यावर सगळं अवलंबून असतं. घाईने थंड झालं तर तो लोखंडाशी जुळून जातो आणि बीड आतून पांढरं होतं, खडीसाखरेसारखं चमकणारं, इतकं कडक की कानस घसरते आणि हातातून पडलं तर फुटतं. तसं होऊ नये म्हणून ओतायच्या जरा आधी लॅडलमध्ये फेरोसिलिकॉनचे दाणे टाकतात. शेकड्याला काही दशांश, त्याहून जास्त नाही. तेवढ्याने कार्बनला वेगळं बसायला जागा मिळते, त्याच्या बारीक वळणदार पापड्या होतात, आणि बीड करडं, चिवट, कापता येण्याजोगं निघतं. फाउंड्रीत या दाण्यांना दवाई म्हणतात. दवाई टाकून जास्त वेळ थांबलं तर तिचा गुण उतरतो, हेही तिथे सगळ्यांना माहीत आहे. बाबांनी ते कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. ते पळीभर बीड घेऊन वाळूत एक छोटी पाचर ओततात, पाण्यात बुडवतात, हातोड्याने मोडतात आणि मोडलेल्या तोंडाकडे बघतात. टोकाला पांढरं किती आणि करडं कुठून सुरू झालं, एवढं बघून सांगतात, "एक मुठी और."

शेवटच्या वर्षी मी प्रोजेक्टला हाच विषय घेतला. दवाई किती टाकली तर बिडाची आतली रचना कशी होते आणि ताकद किती भरते. खरं सांगायचं तर दुसरा विषय घ्यायची हिंमत नव्हती. हा निदान घरात ऐकलेला होता. वर्गातली मुलं प्रोजेक्टसाठी मोठमोठ्या कंपन्यांची पत्रं आणत होती, मी बाबांना म्हटलं, मला चाचणीसाठी वेगवेगळी दवाई टाकून कांड्या ओतून द्याल का?

बाबा म्हणाले, "कांड्या देईन. पण दसऱ्याच्या लॅडलची पण घे. वर्षातलं सगळ्यात चांगलं बीड त्या दिवशी असतं."

ते असं का म्हणाले हे सांगायला मला आमच्या डबीबद्दल सांगावं लागेल. आमच्या देवघरात एक पितळी डबी आहे, तिच्यात जुन्या बंदुकीच्या गोळ्या आहेत. शिशाच्या, बोराएवढ्या, वरून पांढुरक्या झालेल्या. पूर्वजांच्या आहेत म्हणतात. तलवार वगैरे आमच्याकडे काही उरलं नाही, म्हणून खंडेनवमीला या गोळ्यांचीच पूजा होते. शेजारी बाबांची पकड आणि चष्मा ठेवतात, आणि मी कॉलेजात गेल्यापासून आई माझा कॅल्क्युलेटरही ठेवते, त्याला हळदकुंकू लावून. बटणांत कुंकू जातं म्हटलं तर म्हणते, "जाऊ दे न, गणितं चांगली सुटतील."

सात वर्षांपूर्वी जुने उस्ताद काम सोडून गावी गेले आणि लॅडल बाबांकडे आली. त्या वर्षी दसऱ्याला पहिल्यांदा बाबांच्या हातून मोठा चक्का, म्हणजे इंजिनाचं जड फिरतं चाक, ओतायचा होता. आमच्याकडे भिंड-मुरैन्याच्या बाजूला सरसोंचं, म्हणजे मोहरीचं, तेल काढायच्या गिरण्या पुष्कळ. तिथली डिझेल इंजिनं मोठ्या बिडाच्या चक्क्यावर चालतात, आणि तो चक्का म्हणजे जवळजवळ दोनशे किलोचा एकच तुकडा. बाबा घाबरले होते. आठवडाभर आधीचे दोन ओतीव पोकळ निघाले होते. म्हणून ते घरून डबीतली एक गोळी खिशात घालून गेले आणि ओतायच्या आधी देवाचं नाव घेऊन ती लॅडलमध्ये सोडली. चक्का स्वच्छ निघाला. कुठे छिद्र नाही, कुठे रेघ नाही. पुढच्या दसऱ्याला कामगारांनीच विचारलं, "उस्ताद, गोली?" मग ती रीतच पडली. दसऱ्याला भट्टी एकदाच लागायची, पहिली लॅडल मोठ्या चक्क्याची, तिच्यात आमच्या घरची गोळी. सेठजी, म्हणजे फाउंड्रीचे मालक, त्या चक्क्यावर खडूने स्वस्तिक काढून द्यायचे. घेणारे तो मागून घ्यायचे. दसऱ्याचा चक्का शुभ, असं त्या भागात चार लोक बोलू लागले होते.

यंदा मी कांड्यांसाठी तिथे होतो. दवाई पडली, पाचर मोडून झाली, बाबांनी मान हलवली. कुणीतरी म्हटलं, "उस्ताद, गोली?"

बाबांनी रुमालातली गोळी माझ्या हातावर ठेवली. "आज हा टाकेल."

"इंजीनियर साब," एक जण म्हणाला, "निशाना मत चूकना, नहीं तो साल भर की चाय आपकी तरफ से."

मी लॅडलजवळच्या पत्र्याच्या ओट्यावर चढलो. चेहऱ्याला धग लागत होती. गोळी सोडली, ती दिसेनाशी झाली, थोडा पिवळट धूर वर आला आणि सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. बाबा माझ्याकडे बघून हसत होते. मला तो दिवस फार चांगला वाटला होता, हे लपवत नाही. त्या लॅडलमधून चक्का ओतला गेला आणि उरलेल्या बिडातून माझ्या तीन कांड्या. दुसऱ्या लॅडलमधून, त्याच भट्टीच्या, आणखी तीन. कमी-जास्त दवाईच्या बाकीच्या कांड्या बाबांनी नंतर ओतून दिल्या.

जानेवारीत कॉलेजच्या प्रयोगशाळेत कांड्या तोडायचा नंबर लागला. यंत्र कांडीला दोन्हीकडून धरतं आणि तुटेपर्यंत ओढतं. दवाई न टाकलेली कांडी लवकर तुटली, ते ठीक होतं. बरोबर दवाईच्या कांड्या चांगल्या ओढल्या गेल्या आणि मोठा आवाज करून तुटल्या. दसऱ्याच्या पहिल्या लॅडलची कांडी मी मुद्दाम शेवटी ठेवली होती, सगळ्यात चांगली म्हणून. काटा चढत होता. अर्ध्यापर्यंत गेला आणि ठक असा लहानसा आवाज आला. मला वाटलं यंत्राच्या जबड्यातून सुटली. बघितलं तर तुटली होती. माझा विश्वासच बसेना. मी दुसरी लावली. तीही तिथेच. तिसरी प्रयोगशाळेच्या मदतनीसाने लावली. तीही.

मी तुकडा कापला, जाड-बारीक सगळ्या पॉलिशच्या कागदांवर घासला, कापडावर चकचकीत केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. चांगल्या बिडात कार्बनच्या पापड्या वळणदार दिसतात, ताटात सांडलेल्या शेवयांसारख्या. इथे पापड्या होत्या, पण प्रत्येकीच्या अंगाला काटे फुटले होते. बाभळीच्या फांदीसारखे, सरळ, टोकदार, चारी बाजूंना. मी तसं कधी पाहिलं नव्हतं. सरांना बोलावलं.

सरांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "यह तो किताब में ही देखा था. सीसा है. लेड. कहाँ से आया तुम्हारे यहाँ?"

"सर, सीसा कैसे?"

"ज़रा-सा काफ़ी है. दस हज़ार में एक हिस्सा. कबाड़ में आ गया होगा. पुराने पानी के पाइप, उनके जोड़ में सीसा भरा रहता है."

मी मान हलवली. पुढे मी जे केलं त्याची मला लाज वाटते. मी त्याच दुपारी फाउंड्रीत गेलो आणि सेठजींसमोर, चार कामगारांसमोर म्हणालो की तुमच्या भंगारात शिसं आहे, कुणीतरी जुने पाइप न बघता भट्टीत टाकतं. माझ्या हातात छापलेला फोटो होता, त्यामुळे मला वाटत होतं की मी बरोबर आहे.

सेठजी बाबांकडे बघून म्हणाले, "लो उस्ताद. और पढ़ाओ."

भंगार निवडायचं काम बाबांच्याच देखरेखीखाली होतं हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मी भर फाउंड्रीत माझ्याच बापावर बोट ठेवलं होतं. बाबा रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "दुसऱ्या लॅडलच्या कांड्या कशा निघाल्या?"

"चांगल्या."

"भट्टी एकच होती न? भंगार एकच होतं?"

भंगारात शिसं असतं तर दोन्ही लॅडलमध्ये आलं असतं. ते फक्त पहिलीत होतं. म्हणजे भट्टीतून निघाल्यावर आणि साच्यात पडण्याआधी आलं होतं. त्या मधल्या वेळात लॅडलमध्ये दोनच गोष्टी पडल्या होत्या. एक दवाई, ती दोन्हीकडे सारखी. आणि दुसरी.

मी तिथेच वाळूच्या ढिगावर बसलो. समोर भट्टी चालू होती. त्याच वर्षी पेपरात प्रश्न आला होता, करड्या बिडाला सूक्ष्म प्रमाणात घातक ठरणाऱ्या धातूंवर टीप लिहा. मी पहिल्याच ओळीत शिसं लिहिलं होतं. पूर्ण मार्क मिळाले होते. तो पेपर दसऱ्याच्या आधी होता. हे लिहून झाल्यावर मी त्याच हाताने गोळी सोडली होती. पुस्तकातलं शिसं आणि देवघरातली गोळी ही एकच वस्तू आहे, हे माझ्या मनात एकदाही आलं नाही. वर्गातल्या कुणाला हे सांगितलं तर हसेल. मला अजून हसू येत नाही.

घरी जाऊन डबीतली एक गोळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात तोलली. पंचवीस ग्रॅमला जरा कमी. लॅडल अडीचशे किलोची. दहा हजारांत एक हिस्सा.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. आई पोळ्या करत होती. बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शिसं मऊ असतं. नखाने ओरखडा निघतो त्याच्यावर. मऊ वस्तूने बीड कसं तुटेल?"

मी फोटो दाखवून सांगायचा प्रयत्न केला. कार्बनच्या पापड्या म्हणजे लोखंडाच्या आतल्या फटीच असतात, त्या वळणदार असल्या तर लोखंड सांभाळून घेतं, काटे फुटले तर प्रत्येक काट्यापासून तडा सुरू होतो. आणि जाड तुकडा सावकाश थंड होतो, म्हणून त्यातच हे जास्त होतं.

"पण पाचर तर चांगली निघते दर वर्षी."

"बाबा, पाचर तुम्ही गोळीच्या आधी ओतता."

आई तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "झालं. घरात इंजिनियर आला तर पहिलं काम काय केलं, देवाची गोळी खोटी ठरवली."

फोटो बाबांनी चष्मा लावून पुन्हा बघितला, उलटा धरून पण बघितला. मग म्हणाले, "फोटोचं मला कळत नाही. मला तोडून दाखव."

यंत्रावर तोडलेल्या कांड्यांचे अर्धे तुकडे माझ्याकडे होते, वीतभर लांबीचे. सकाळी कामगार यायच्या आधी आम्ही दोघं फाउंड्रीत गेलो. बाबांनी दुसऱ्या लॅडलचा तुकडा ऐरणीवर असा ठेवला की अर्धा बाहेर राहील, आणि मोठा हातोडा घेतला. पहिला घाव, दुसरा, तिसरा. पाचव्याला तुटला. मग गोळीच्या लॅडलचा ठेवला. पहिल्याच घावाला टोक उडून पत्र्यावर जाऊन आदळलं. बाबांनी ते उचलून आणलं, मोडलेल्या तोंडावर अंगठा फिरवला. बाहेरून बघायला ते करडंच होतं. त्यांनी आयुष्यभर ज्या रंगावर भरवसा ठेवला तोच रंग.

"सात," ते म्हणाले. मला आधी समजलं नाही. "सात चक्के गेले असे."

मग मला समजलं. मी त्या क्षणापर्यंत फक्त माझ्या कांड्यांचा विचार करत होतो. दोनशे किलोचा चक्का इंजिनावर गरगर फिरतो आणि शेजारी माणूस उभा असतो. चांगल्या बिडाचा चक्का जेवढा वेग सहज सोसतो, त्याच्या निम्म्या ताकदीच्या चक्क्याने किती सोसावा? महिन्या-दीड महिन्यात नवी सरसों येणार होती. मग गिरण्या दिवसभर थांबत नाहीत.

सेठजी आल्यावर बाबांनी स्वतः सांगितलं. मला वाटलं होतं सेठजी म्हणतील, गप्प बसा. त्यांनी आधी तसंच काहीतरी म्हटलं. "सात साल में किसी ने शिकायत की? नहीं की. तो आप क्यों ढिंढोरा पीट रहे हो?"

बाबा म्हणाले, "सेठजी, स्वस्तिक आप बनाते थे."

सेठजींनी पेनाला टोपण लावलं. मग त्यांनी कपाटातून जुन्या डायऱ्या काढल्या, कुठला माल कुणाकडे पाठवला त्या. माझ्यापुढे टाकल्या. "लो इंजीनियर साब. ढूँढो. बदल के देंगे. पर पहले इन्हें कहो, अगले दशहरे पर खाली हाथ आएँ."

"खाली हाथ ही आऊँगा," बाबा म्हणाले.

दीड महिना आम्ही चक्के शोधले. मी फोन करायचो, रविवारी बाबा आणि मी बसने जायचो. बाबांनी ठरवलं होतं की फोनवर नुसतं थांबवायला सांगायचं, पण कारण समोर जाऊन सांगायचं. पहिल्या ठिकाणी ते सांगताना अडखळले. तिथला गिरणीवाला म्हातारा होता, त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मतलब आपने भगवान का नाम लेकर बम बना दिया." बाबा म्हणाले, "हाँ जी." म्हाताऱ्याने चहा मागवला. आणि चक्का त्याने त्याच दिवशी बंद केला.

यंदाचा, म्हणजे माझ्या हातचा, मुरैन्याच्या एका दुकानात विक्रीला उभा होता. अजून कुणी नेला नव्हता. खडूचं स्वस्तिक तसंच होतं. मी त्याला हात लावला आणि डोळ्यांत पाणी आलं, ते दुकानदाराला दिसू नये म्हणून रस्त्याकडे तोंड केलं. तीन चक्के चालू होते, ते सेठजींनी बदलून दिले. त्यांतल्या एकाच्या दांड्याशी केसाएवढा तडा होता. गिरणीवाल्याने त्यावर ऑइलपेंट मारला होता, आणि तडा पेंटमधून पुन्हा वर आला होता. बाबा त्याच्यासमोर उकिडवे बसून राहिले, उठायला मला हात द्यावा लागला. एक चक्का वीज आल्यापासून गोठ्याजवळ गंजत पडला होता, म्हैस बांधायला कामी येत होता. एक तीन-चार वर्षांपूर्वीच भंगारात गेला होता, इंजिनासकट. सहा झाले.

सातवा पाच दसऱ्यांपूर्वीचा होता. डायरीत भिंडच्या एका दुकानाचं नाव, दुकानात गेलो तर मालक बदललेले. नव्या मालकाने जुन्याचा नंबर दिला, तो लागेना. मग कुणाकडून तरी कळलं की तो चक्का चंबळच्या बाजूच्या एका गावात गेला होता. गावाचं नाव मात्र कुणाला पक्कं सांगता येईना. मी दुकानात आमचा नंबर ठेवून आलो, त्या बाजूला माल नेणाऱ्या एका टेंपोवाल्याकडेही ठेवला, आणि दोघांना सांगितलं की गिरणीवाल्याला म्हणावं, इंजिन सुरू करू नका, आधी फोन करा. बाजारात नवी सरसों आली होती. बसच्या खिडकीतून रस्त्याच्या कडेला तिचे ढीग दिसायचे. बाबा दर संध्याकाळी घरात शिरता शिरता एकच विचारायचे, "आला का फोन?" आणि जेवताना, आईने काहीही विषय काढला तरी, मध्येच म्हणायचे, "कुणाला लागलं नसेल न?"

आई आता टोमणा मारत नव्हती. डबी तिने देवघरातून काढली नाही, फक्त मागच्या बाजूला सरकवली. प्रोजेक्टची तोंडी परीक्षा त्याच दिवसांत झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी काट्यांचा फोटो बघून विचारलं, शिसं कुठून आलं. मी म्हटलं, लॅडलमध्ये बाहेरून पडलं. ते म्हणाले, "गुड ऑब्ज़र्वेशन." सगळ्यांत जास्त मार्क त्याच पानाला मिळाले असं सर नंतर म्हणाले. मी घरी सांगितलं नाही.

फोन एका रविवारी दुपारी आला. आम्ही जेवून उठलो होतो. अनोळखी नंबर होता, मी स्पीकर लावून मध्ये ठेवला. पलीकडे एक तरुण आवाज होता.

"आप लोग चक्के के लिए पूछ रहे थे? दशहरे वाला?"

"हाँ," मी म्हटलं. "वो चल रहा है क्या? उसे बंद कर दीजिए, हम लोग..."

"अरे चलेगा कहाँ से. वो तो तीन साल हुए टूट गया. चलते-चलते टूटा था. एक टुकड़ा दीवार के पार निकल गया."

बाबा फोनकडे वाकले. "बेटा, किसी को लगा?"

"बड़े भैया को. वही चलाते थे. दायाँ हाथ गया, कोहनी से."

आईने तोंडाला पदर लावला. बाबांनी फोन हातात घेतला. "आप लोगों ने बताया क्यों नहीं? दुकान पर, हमारे यहाँ, किसी को तो कहते."

"बताना क्या था, चाचा?" तो मुलगा जरा आश्चर्यानेच म्हणाला. "भैया तो अस्पताल में ही बोल दिए थे सबको कि नई सरसों की भीड़ थी, रेस मैंने ज़्यादा दे दी. तब से इंजन के पास नहीं जाते. आज भी कोई पूछे तो यही कहते हैं, चक्का अच्छा था, गलती मेरी थी."